बाबांचे चार डॉक्टर आणि गल्लीतला दवाखाना

पत्राचा सारांश: डोंबिवलीच्या एक वाचक, वय ४७, बँकेत नोकरी. वडील ७४ वर्षांचे. जुना मधुमेह, रक्तदाब, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी, आता गुडघे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाबा त्याच इमारतीत एक मजला खाली एकटे राहतात. भाऊ मँचेस्टरला. हृदयाचे, मधुमेहाचे आणि गुडघ्याचे असे तीन तज्ज्ञ चालू आहेत. वर्षभरात क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला आकडा, किडनीचं काम मंदावलं की तो वाढतो) १.१ वरून १.७ वर गेल्यामुळे आता चौथे, किडनीचे डॉक्टर गाठायचे आहेत. बाबांचा हट्ट असा, की 'आपल्या डॉक्टरांना' विचारल्याशिवाय ते कुठेही जाणार नाहीत. हे डॉक्टर म्हणजे तीस वर्षं गल्लीत दवाखाना चालवणारे एमबीबीएस, वय ६९. मध्यंतरी त्यांनी गुडघ्याच्या सर्जननी दिलेली वेदनाशामक गोळी परस्पर बंद केली. पुढच्या भेटीत सर्जननी ती पुन्हा सुरू केली. भाऊ संतापला. अँजिओप्लास्टीच्या वेळीही बाबा रात्रभर छातीतली जळजळ सोसत दवाखाना उघडायची वाट बघत बसले होते, हा त्याचा जुना राग. किडनीच्या तज्ज्ञाचं नाव हे डॉक्टर सुचवतात ते 'कट', म्हणजे रुग्ण पाठवल्याचं कमिशन, मिळतो म्हणून, अशीही त्याला शंका आहे. वाचक विचारतात: बाबांना न दुखावता या डॉक्टरांपासून कसं सोडवू?

प्रिय ताई,

तुम्ही पत्रासोबत सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. मी त्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. मी डॉक्टर नाही, त्यामुळे पुढचं निदान समजू नका, विचारायचे प्रश्न समजा. पण ते या आठवड्यातच विचारा.

हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रक्तदाबाची गोळी आहे. तिच्यात टेल्मिसार्टन आहे आणि जोडीला लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. सर्जनच्या चिठ्ठीवर एसेक्लोफेनॅक आहे, म्हणजे तीच वेदनाशामक गोळी, दिवसातून दोनदा. ही तीन औषधं एकत्र आली की किडनीवर ताण येतो आणि वय झालेल्या, त्यातून मधुमेह असलेल्या माणसाला त्याचा धोका जास्त. वैद्यकशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. डॉक्टर मंडळींना ती चांगली ठाऊक असते. मग घडलं कसं? सर्जननी गुडघा पाहिला आणि त्या दुखण्याला योग्य ती गोळी दिली. हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि आपलं काम चोख केलं. दोघांचे कागद एका हातात कधी आलेच नाहीत.

आता तुमच्या पत्रातली ती तक्रार पुन्हा वाचा. गल्लीतल्या डॉक्टरांनी सर्जनची गोळी 'परस्पर' बंद केली. ताई, बाबांच्या तब्येतीसाठी या वर्षात कुणी सगळ्यात मोलाचं काही केलं असेल, तर ते बहुधा हेच. चारही दुखणी ज्याच्या डोळ्यांसमोर होती, अशा एकाच माणसाला ती गोळी खटकली.

त्यांचं चुकलं ते पुढे. गोळी बंद केल्याचं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही, सर्जनना फोन केला नाही, तुम्हाला कारण सांगितलं नाही. बाबांना 'ही नका घेऊ' एवढंच सांगितलं. बाबांनी ते सर्जनना सांगितलं नसणार, मोठ्या डॉक्टरसमोर आपली माणसं बोलतच नाहीत. सर्जनना वाटलं, रुग्ण गोळी घ्यायचा कंटाळा करतोय. गोळी पुन्हा सुरू. त्यामुळे तुमचा प्रश्न मला थोडा वेगळा मांडावासा वाटतो. या डॉक्टरांपासून बाबांना सोडवायचं, की त्यांना जे माहीत आहे ते बाकीच्यांपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करायची?

भावाच्या म्हणण्यामागे एक समज आहे, आणि तो त्याचा एकट्याचा नाही. मोठा आजार म्हणजे मोठा डॉक्टर, चार आजार म्हणजे चार मोठे डॉक्टर, आणि गल्लीतला दवाखाना सर्दी-खोकल्यापुरता. त्याला एक साधी गोष्ट विचारा: मँचेस्टरला तुला स्वतःला हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं झालं तर तू काय करतोस? तिथे तो एका जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या यादीत नोंदलेला असणार. तातडीचं काही नसेल तर तज्ज्ञाकडची वाट साधारणपणे त्या जीपीच्या पत्रातूनच जाते. तज्ज्ञाने काय पाहिलं, कोणतं औषध बदललं, हे लिहून परत जीपीकडे येतं. हॉस्पिटलातून घरी सोडतानाचा सारांशही त्याच्याकडे जातो. जुलै १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून तिचा पाया हाच आहे. तिथे दुखणी नाहीत असं नाही. जीपीची वेळ मिळायला दिवस जातात, तज्ज्ञांसाठीची प्रतीक्षा महिनोन्महिने लांबते, आणि भाऊ त्याबद्दल कुरकुरतही असेल. पण आपल्या बाबांसाठी तो जे काढून टाकायला निघालाय, ते त्याला स्वतःला तिथे मिळतंय.

नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला स्वतःचा ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसच्या अंकात आला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना जेमतेम वर्षभर असलेल्यांशी केली, तेव्हा अवेळी धावपळ करावी लागण्याची, तातडीने दाखल व्हावं लागण्याची आणि मृत्यूचीही शक्यता पहिल्या गटात साधारण २५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसली. एका देशातला अभ्यास आहे, तो जसाच्या तसा डोंबिवलीला लावता येणार नाही. तरी ओळखीच्या डॉक्टरची किंमत केवळ मानसिक आधारापुरती नाही, हे त्यावरून कळतं.

ही कल्पना आपल्याला परकी आहे असंही नाही. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच गावापासून जिल्ह्यापर्यंतच्या आरोग्यसेवेचा आराखडा दिला होता. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय, अशी सरकारी उतरंड आपल्याकडे निदान कागदावर तरी आहे. शहरातल्या खाजगी सेवेत मात्र तीही नाही. माणूस कोणत्याही दारातून आत शिरतो आणि प्रत्येक दाराशी नवी फाइल उघडते. आपला मेडिक्लेमही बहुतेक वेळा दाखल झाल्यावरच कामाला येतो. आजार वाढू नये म्हणून दवाखान्यात बसून कुणी अर्धा तास डोकं लावलं, तर त्याचे पैसे त्यात सहसा बसत नाहीत.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी बराच वेळ थांबले. 'बाबांना पहाटे गरगरतं, घाम येतो, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं.' बाबांनी ते तुम्हाला सांगितलं नाही, मधुमेहाच्या डॉक्टरांनाही नाही. या डॉक्टरांना सांगितलं. त्यांना हेही माहीत आहे, की आई गेल्यापासून बाबा रात्री धड जेवत नाहीत, अर्धी पोळी आणि दूध घेऊन झोपतात. मधुमेहाच्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी आहे, तीही रात्रीसाठी. किडनीचं काम मंदावलेलं, जेवण अपुरं आणि वर ही गोळी, अशात साखर एकदम खाली जाऊ शकते. पहाटेचं गरगरणं आणि घाम हे तेच आहे का, हे तातडीने विचारायला हवं. तोवर ग्लुकोमीटर आणि साखर बाबांच्या उशाशी असू द्या. पुन्हा तसं झालं तर लगेच साखर मोजायची, आणि मोजता येत नसेल तर वाट न बघता तीन-चार चमचे साखर तोंडात टाकायची. अर्ध्या पोळीची नोंद कोणत्याही हॉस्पिटलच्या फाइलमध्ये सापडणार नाही. ती तीस वर्षांच्या ओळखीतूनच कळते.

भावाची भीती मात्र झटकून टाकू नका. त्या रात्री बाबा वाट बघत बसले, ते घातकच होतं. पण दवाखाना तेव्हा बंद होता, डॉक्टरांना कुणी फोनही केला नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चूक त्यांची म्हणता येत नाही. घरात एक नियम कधी ठरलाच नव्हता, तो आता ठरवा आणि खुद्द डॉक्टरांच्या तोंडून बाबांना ऐकवा, कारण ते त्यांचंच ऐकतात. छातीत दुखणं, दाटणं, जळजळ आणि सोबत घाम किंवा दम, तोंड एका बाजूला जाणं, हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, शुद्ध हरपणं: यातलं काहीही झालं की कुणाला विचारत बसायचं नाही. १०८ला फोन किंवा थेट मोठं हॉस्पिटल. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि तेवढ्यात जितकं लवकर तितकं चांगलं. हा कागद मोठ्या अक्षरात बाबांच्या फोनशेजारी चिकटवा. फॅमिली डॉक्टर रोजच्या वाटेवर हवा. आणीबाणीत त्याच्या परवानगीसाठी कुणी थांबायचं नाही.

कटबद्दल. हा प्रकार आपल्याकडे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही करून घेतला होता. तेव्हा शंका येणं चूक नाही, पण शंकेवर तीस वर्षांचा संबंध तोडण्याआधी ती पारखून बघा. डॉक्टरांना सरळ म्हणा, 'किडनीच्या डॉक्टरांसाठी नाव न घालता पत्र द्याल का? हॉस्पिटल आम्हाला घराजवळचं बघायचंय.' त्यांनी आनंदाने पत्र दिलं, शिवाय आणखी दोन नावं सांगितली, तर प्रश्न मिटला. 'तिथेच जायला हवं' असा आग्रह झाला आणि कारण पटण्यासारखं नसलं, तर तुमचं तुम्हाला कळेल.

सगळेच जुने फॅमिली डॉक्टर डोक्यावर घ्यावेत असंही मी म्हणणार नाही. कणकण आली की इंजेक्शन, अशक्तपणा आला की सलाइन, ताप कसलाही असो अँटिबायोटिक, असे दवाखाने आपण सगळ्यांनी पाहिलेत. तुमच्या डॉक्टरांना पारखताना मी एवढं बघेन: स्वतःला जमत नाही ते ते वेळेवर पुढे पाठवतात का? तज्ज्ञांचे कागद मागून वाचतात का? 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' असं म्हणतात का? शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. किडनीच्या डॉक्टरांकडे जा हे तुम्हाला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं, असं पत्रात आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर आलंच.

म्हणजे आज तुमच्यापुढे वाटा कोणत्या? एक, भाऊ म्हणतो तसं करायचं: दवाखाना बंद, चार तज्ज्ञ थेट. अशा वेळी सांधेजोड करायला कुणीतरी लागतंच, आणि ते काम कुणी न सांगता घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं. तुमच्या पत्रातच दिसतंय. बँकेतून अर्धी रजा, फाइलींची पिशवी, प्रत्येक डॉक्टरला पहिल्यापासून कहाणी सांगणं, रात्री भावाला व्हॉट्सअपवर रिपोर्ट पाठवणं. हे तुम्ही प्रेमाने करता. पण दोन औषधांचं जमत नाही हे तुम्हाला कसं कळणार? ते तुमचं काम नव्हे आणि ती जबाबदारी तुमच्यावर टाकणं अन्यायाचं आहे. दुसरी वाट, एखादा चांगला एमडी फिजिशियन मुख्य डॉक्टर म्हणून धरायचा. ही वाट चांगली आहे, फक्त बाबांचं मन तिथे रुळायला वेळ द्यावा लागेल. तिसरी, जे आहेत त्याच डॉक्टरांना हे काम रीतसर सांगायचं. मी तिसरीपासून सुरुवात करेन, आणि डॉक्टरांचं वय बघता दुसरीची तयारी आतापासूनच चालू ठेवेन.

'रीतसर' हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. आपण फॅमिली डॉक्टरांवर हे काम गृहीत धरतो आणि त्यासाठी ना वेळ देतो ना पैसे. बाहेर बाकावर दहा माणसं खोळंबलेली असताना आत चार मिनिटांत चार तज्ज्ञांच्या फाइली कोण वाचणार? तेव्हा गर्दीच्या वेळी जाऊ नका. फोन करून दुपारची वेगळी वेळ मागा. म्हणा, 'डॉक्टर, बाबांच्या सगळ्या औषधांवर तुम्ही एकदा नजर टाकावी, आणि इथून पुढे सगळं एकत्र बघणारे डॉक्टर तुम्हीच असावं अशी आमची इच्छा आहे. अर्धा-पाऊण तास लागेल, त्याची फी आम्ही वेगळी देऊ.' ते संकोचतील, नको म्हणतील. तरी द्या. तज्ज्ञाच्या दहा मिनिटांना आपण हजार-दीड हजार मोजतो, मग या तासाला का नाही? आणि ते म्हणाले, की आता माझ्याच्याने हे होणार नाही, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. मग नवा माणूस शोधायला त्यांचीच मदत घ्या.

त्या भेटीला जाताना घरातल्या एकूण एक गोळ्या, बाटल्या, पुड्या पिशवीत भरून न्या. बाबा मेडिकलमधून परस्पर आणतात त्या अंगदुखीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, शेजाऱ्यांनी सुचवलेलं गुडघ्याचं औषध, सगळं. घरी आधी एका पानावर यादी करा: औषधाचं नाव, कंसात त्यातला घटक, किती, केव्हा, कुणी सुरू केलं, कशासाठी. घटक लिहायला सांगते कारण तुमच्या चिठ्ठ्यांत पॅन्टोप्रेझोल, म्हणजे ॲसिडिटीची गोळी, तीन वेगवेगळ्या नावांनी तीन ठिकाणी आहे. बाबा तिन्ही घेत असतील तर नवल नाही. 'कशासाठी' हा रकाना रिकामा राहिला की तिथे बोट ठेवून विचारा. पाय सुजतात म्हणून एक गोळी, आणि ती सूज मुळात दुसऱ्याच गोळीची, असंही होतं. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते, हे कितीतरी घरांत ठाऊकच नसतं.

एक कळकळीची सूचना, तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना. यादी बघून स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. विशेषतः स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत ठेवतात ती जाळी) बसवलेल्या माणसाची रक्त पातळ ठेवणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही. एसेक्लोफेनॅकबद्दल मात्र वेगळ्या भेटीची वाट बघू नका. उद्याच डॉक्टरांना किंवा सर्जनना फोन करून क्रिएटिनिनचा आकडा सांगा आणि ही गोळी चालू ठेवायची का ते विचारा. गुडघ्यासाठी दुसरे उपाय असतात.

यादी पक्की झाली की तिच्या तळाशी फॅमिली डॉक्टरांचं नाव आणि मोबाइल त्यांना विचारून लिहा, आणि प्रत्येक तज्ज्ञासमोर तेच पान पहिल्यांदा ठेवा. म्हणा, 'काही बदललंत तर यावर लिहून द्या, आमचे डॉक्टर बघतात.' कुणी रागावेल अशी भीती बाळगू नका. बहुतेक तज्ज्ञांना असं पान मिळालं तर हायसंच वाटेल. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक काढून ठेवा, हॉस्पिटलचे रिपोर्ट त्याला जोडता येतात. पण क्रमांक निघाला म्हणजे कागद आपोआप गोळा होत नाहीत, आणि गोळा झालेले कागद कुणीतरी वाचावे लागतातच.

डॉक्टर आणखी किती वर्षं दवाखाना चालवतील, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. त्यांच्यानंतर कोण, हे तेच चांगलं सांगतील. नवे डॉक्टर घरापासून बाबांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असावेत. फॅमिली मेडिसिन या विषयात एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर आता मिळू लागलेत. जवळपास कुणी असेल तर जरूर भेटा. हे डॉक्टर काम करत आहेत तोवरच बाबांना एक-दोनदा तिकडे न्या, म्हणजे निरोप आणि ओळख एकाच वेळी होईल.

भावाला यात घ्या. तो दूर आहे, म्हणून त्याचा जीव जास्त घाबरतो. डॉक्टरांबरोबरच्या त्या दुपारच्या भेटीत त्याला व्हिडिओ कॉलवर बसवा आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. डॉक्टरांनी गोळी का बंद केली, हे तो तुमच्याकडून ऐकण्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकू दे. यादीचं पान संगणकावर टाइप करून दर महिन्याला ताजं ठेवण्याचं काम त्याच्याकडे द्या. तेवढं मँचेस्टरहून सहज होईल आणि तुमच्या डोक्यावरचा एक भार उतरेल.

आणि किडनीच्या डॉक्टरांची वेळ आजच घ्या, वरची सगळी जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका. डॉक्टरांकडून पत्र मागाल तेव्हा त्यात क्रिएटिनिनचे गेल्या दोन-तीन वर्षांतले आकडे तारखांसह, वेदनाशामक गोळी कधी सुरू-बंद झाली त्याचे महिने आणि पहाटेच्या गरगरण्याची नोंद, एवढं लिहून घ्या. बाबांना मग वेगळं समजवावं लागणार नाही. पत्र त्यांच्या डॉक्टरांचंच असेल.

तुमची,
सल्ला सदर लेखिका